हरलो म्हणा

"स्टोव्ह आत नको, बाहेर घे," शेजारच्या शेवंताकाकू मागच्या दारातून म्हणाल्या. "परसात. त्या खिडकीखाली."

मी उकडलेल्या कोथिंबिरीच्या उंड्यांच्या वड्या कापत होते. सुरी हातात तशीच धरून वळले.

"आईंच्या खिडकीखाली? ते का बरं?" सासूबाईंना मी आई म्हणत असे.

"आत धूर कोंडतुया."

"काकू, रॉकेलच्या स्टोव्हला कसला आलाय एवढा धूर!"

"मग वारा लागंल तुला, बरं. आणि आत्ता तळू नगंस. बाया आल्यावर तळ."

माझं डोकंच चालेना. अहो, भोंडल्याची खिरापत म्हणजे झाकायची गोष्ट! बायकांनी फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की घरच्या बाईनं झाकलेला डबा आणून वाजवून दाखवायचा. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर घरचीची फजिती. नाहीच ओळखता आलं तर सगळ्यांनी एका सुरात "हरलो" म्हणायचं, की मग डबा उघडतो, खाणं होतं आणि जो तो आपापल्या घरी. आमच्या खानदेशात भुलाबाई असते, तिलाही हेच, फक्त खिरापतीला आम्ही खाऊ म्हणतो. लहानपणी खाऊ करायच्या दिवशी माझी आई दारंखिडक्या लावून घ्यायची, घामानं निथळायची, पण वास म्हणून शेजारी जाऊ द्यायची नाही. आणि ही बाई मला सांगते, उघड्यावर तळ, सगळ्यांच्या नाकासमोर तळ!

बरं, कोथिंबीर त्यांच्याच वाफ्यातली. सकाळी पदरात भरून स्वतः आणून दिलेली.

"काकू, तुम्हाला तर ठाऊकच आहे काय केलंय ते," मी म्हटलं. "तुम्ही आपलं गप्प राहायचं हं. ओळखायचं नाही."

"मी?" त्यांनी डोळे मोठे केले. "मला काय कळतंय त्यातलं?" आणि निघून गेल्या.

मी भिवरगावात लग्न होऊन आले त्याच वर्षीच्या वैशाखात. वीस-एकवीस वर्षांची होते, आणि तोंडाला जरा म्हणून दम नाही. माहेरी मला रेडिओच म्हणायचे. अशा मुलीला देवानं कुठं द्यावं, तर जिथं कुणी बोलतच नाही अशा घरात. पुढं आमचं, म्हणजे माळवद्यांचं, कापडाचं दुकान, मागं घर, घरामागं परस. माणसं चार. सासरे म्हणजे अण्णा, सासूबाई, हे आणि मी. अण्णा आणि हे दिवसभर दुकानात मीटर हातात घेऊन उभे. घरात मी आणि आई. आई परसाकडच्या खोलीत बसून असायच्या. आधी मला वाटलं, बाई रागीट आहेत. मग वाटलं, माझं काही चुकलंय. पंधरा दिवसांनी वाटायला लागलं की मलाच वेड लागणार आहे. "आई, भाजी कसली करू?" "कर." "आई, बघता का जरा, मीठ झालंय का?" "हं." भिंतीशी बोलले असते तर निदान आवाज घुमून परत आला असता.

शेवटी ह्यांनी एकदा सांगितलं काय ते, आणि पुन्हा विचारू नकोस म्हणाले.

ह्यांना एक धाकटी बहीण होती, उज्ज्वला. उजू. आदल्या वर्षी नवरात्रात, देसाईवहिनींच्या अंगणात भोंडला चालू असताना, भर फेरात, फाटकातून एका शहाण्यानं ओरडून सांगितलं, "अहो वेणूताई, तुमची उजू चित्रकलेच्या सरांबरोबर कोल्हापूरच्या एसटीत बसली, बॅग घेऊन!" सर दुसऱ्या जातीतले. सगळ्या गावच्या बायका तिथं, एकमेकींचे हात धरून उभ्या. आईंनी दोन्हीकडचे हात सोडवले आणि घरी निघून आल्या. चपलासुद्धा घातल्या नाहीत. शेवंताकाकूंनी दुसऱ्या दिवशी चपला आणून दिल्या, तर आईंनी त्या ठेवून घेतल्या आणि दार लावलं. त्या दिवसानंतर त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. हळदीकुंकू नाही, देऊळ नाही, शेजारी बारसं झालं तरी नाही. बायका भेटायला यायच्या तर ह्या आतून सांगायच्या, झोपलेय म्हणून. महिनाभर बायका आल्या, मग यायच्या थांबल्या. उजूचं नाव घरात काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण काढत कुणीच नव्हतं. ती जगते आहे की नाही हेसुद्धा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

आणि आता अण्णांनी ठरवलं होतं की दिवाळी झाली की दुकान भाड्यानं देऊन मिरजेला राहायला जायचं. तिथं ह्यांचे मामा होते. "इथं हिला तोंड दाखवायला जागा नाही वाटत," अण्णा म्हणाले. "तिथं कोण ओळखतंय?" मला तर रडूच आलं. मला ते गाव आवडायला लागलं होतं हो! आणि मिरजेला गेल्यावर काय होणार, ते मला स्वच्छ दिसत होतं. तिथं तर त्यांच्याकडं कुणी येणारही नव्हतं. हीच खोली, फक्त दुसऱ्या गावात, आणि ती मग जन्माची.

आमच्या गावात भोंडला पोरीबाळींचा नाही, बायकांचा. महिला मंडळाचा. नवरात्रात रोज एका घरी, घरं ठरलेली. एक दिवस माळवद्यांचा, तो आदल्या वर्षी अर्थातच चुकला होता. देसाईवहिनी मंडळाच्या अध्यक्ष. त्या दुकानात परकराचं कापड घ्यायच्या निमित्तानं आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "शैला, यंदा तुमच्याकडं ठेवायचा का?" मी हो म्हणून बसले. कुणालाही न विचारता! दुसऱ्या दिवशी सकाळी आईंच्या दाराशी उभी राहून एका दमात सांगून टाकलं.

आई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कर. मी बाहेर येणार नाही. आणि खिडकी लावून घे."

लग्न होऊन आल्यापासून मी ऐकलेलं त्यांचं ते सगळ्यात मोठं भाषण.

तर मी खिडकी लावून घेतली होती. दुपार कलताना देसाईवहिनी आल्या त्या हातात दिव्याचं होल्डर आणि लांबच लांब वायर घेऊन.

"परसात उजेड नाही तुमच्या," त्या म्हणाल्या. "अंधार पडला तर हत्ती दिसायचा नाही पाटावरचा. वायर आतून घेऊ या. आईंच्या खोलीत प्लग आहे ना?"

"स्वयंपाकघरातही आहे की."

"तो लांब पडेल."

तो मुळीच लांब नव्हता. स्वयंपाकघराचं दार दोन पावलांवर. पण अध्यक्षांना कोण सांगणार! त्या सरळ आईंच्या खोलीत शिरल्या, "झोप तू, वेणू, झोप," असं जाग्या बाईला म्हणाल्या, प्लग लावला आणि वायर खिडकीतून बाहेर सोडली. मी खिडकी लोटायला गेले तर माझा हात धरला.

"वायर चेपेल. उघडीच राहू दे."

"पण आईंनी..."

"शॉक बसेल कुणाला तरी. जबाबदारी तू घेणार का?"

आईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी कुणाचं ऐकायचं, काही कळेना. एकीकडे सासू, एकीकडे मंडळ. खिडकी उघडी राहिली.

पाच वाजून गेल्यावर बायका आल्या. ठेवणीतली लुगडी, गजरे, कलकलाट. पाटावर तांदळानं हत्ती काढला, झेंडू वाहिला. आणि बरोबर तेव्हाच शेवंताकाकूंनी मला खूण केली, तळ म्हणून. मी मुकाट्यानं खिडकीखाली स्टोव्ह पेटवला. पहिला घाणा कढईत पडला आणि काय सांगू, असा वास सुटला! पलीकडच्या आळीतलं कुत्रंसुद्धा येऊन उभं राहिलं. माझ्या पायाशी कोथिंबिरीच्या काड्यांचा हा ढीग, आवरायला वेळच मिळाला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, झालं, पहिल्याच झटक्याला ओळखणार, आणि नव्या सुनेची खिरापत डबा वाजायच्या आत ओळखली गेली म्हणून सगळं गाव हसणार.

गाणी झाली. फेर मोठा होता आणि अगदी खिडकीला लागून. परस एवढं मोठं असताना ह्या सगळ्या एका कोपऱ्यात का चेंगरून घेतायत, तेही मला कळत नव्हतं. मी मधेमधे खिडकीकडे बघत होते. आत हालचाल नव्हती.

मी डबा आणला. वाजवला. गरम वड्या, त्या काय डोंबल वाजणार!

"गोड का तिखट?" बेबीताईंनी विचारलं. बेबीताईंची पिठाची गिरणी. आदल्या दिवशी माझी हरभऱ्याची डाळ त्यांनीच दळून दिलेली. दळताना विचारलंही होतं, काय वड्या का, म्हणून.

"तिखट," मी म्हणाले.

"शिरा!"

मी बघतच राहिले. "बेबीताई, तिखट म्हणाले मी."

"मग तिखटमिठाचा शिरा."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, कसंनुसं.

"लापशी!" शेवंताकाकू ओरडल्या. पाय कोथिंबिरीच्या काड्यांवर! त्यांच्याच कोथिंबिरीच्या!

"नाही."

"पेढे," देसाईवहिनी म्हणाल्या. बाई बीए झालेल्या होत्या हो.

"साबुदाण्याची खिचडी!" "दडपे पोहे!" "खरवस!" "खरवस कुठनं आणील गं ती?" "आणला असंल कुणाकडनं!"

माझी कानशिलं तापायला लागली. आधी वाटलं, ह्या माझी गंमत करतायत, करू देत. मग वाटलं, ह्यांच्यात नव्या सुनेची खिरापत ओळखायची नसते असा काही रिवाज असेल.

"काकू, तुमच्याकडं पहिल्या वर्षी ओळखत नाहीत का?" मी विचारलं.

"असं कुठं असतंय व्हय?"

"मग ओळखा की!"

"वळखतोयच की. शेवयांची खीर!"

"अहो, तिखट आहे! तिखट! आणि खीर डब्यात कोण भरतं?"

"मग उकडीचे मोदक," बेबीताई गंभीरपणे म्हणाल्या.

आणि हे सगळं ओरडून चाललेलं. एरवी हळू बोलणाऱ्या बायकाही त्या दिवशी बाजारात भाव पुकारल्यासारख्या ओरडत होत्या. मला वाटायला लागलं, ह्या आईंना ऐकू जावं म्हणून मुद्दाम करतायत. त्यांना खिजवायला. बघ, तुझ्या दारात येऊन आम्ही कशा मजा करतोय! पोरगी पळाली तर पळाली, आमचं काय अडलंय! हा विचार आला आणि माझ्या अंगाची लाही झाली. मीच ह्यांना घरात घेतलं होतं, कुणाला न विचारता.

"हरलो म्हणा," मी म्हणाले.

"का म्हणून?"

"येत नाहीये ना ओळखता? मग हरलो म्हणा, खा आणि..." आणि चालत्या व्हा, हे तोंडात आलं होतं. गिळलं.

"आम्ही न्हाई हरत," शेवंताकाकू म्हणाल्या.

"अहो, निवल्या ना सगळ्या..." मी जीभ चावली.

"काय निवल्या?" बेबीताईंनी लगेच पकडलं. "'ल्या' म्हणाली. म्हणजे... जिलब्या!"

मी डबा काखेत मारला आणि ताटल्या आणते म्हणून आत गेले. खरं तर रडायला गेले. स्वयंपाकघरात डोळे पुसतेय, तर मागून आवाज आला.

"काय म्हणतायत?"

दचकलेच. आई खोलीच्या दारात उभ्या होत्या. अंगाचा संकोच करून, एका हातानं चौकट धरून.

"जिलब्या," मी म्हटलं.

"जिलब्या?"

"हो. आणि त्याआधी उकडीचे मोदक म्हणाल्या. शिरा म्हणाल्या. पेढे म्हणाल्या."

"पेढे कोण म्हणालं?"

"देसाईवहिनी."

आईंच्या कपाळाला बारीक आठी पडली. "पेढे कधी तळतात का?" त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच. आणि परत आत गेल्या.

मला काही समजलं नाही. मी ताटल्या घेऊन बाहेर आले. फेर तसाच उभा, एक बाई जागची हललेली नाही. आणि सगळ्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू आत काय झालं ते मी सांगावं. मी कशाला सांगतेय! मी तोंड वाकडं करून डबा पुढं धरला.

"शेवटचं विचारते. नाहीतर मी उघडणार."

"उघडू नको!" पाच-सहा जणी एकदम ओरडल्या.

"मग बोला."

"शेवंता, तू बोल," देसाईवहिनी म्हणाल्या.

शेवंताकाकूंनी डोळे मिटले. नाकानं जोरात वास घेतला, इतका लांब की गजरा हलला. मग डोळे उघडून, खिडकीकडे तोंड करून, ठणकावून म्हणाल्या, "पुरणपोळी!"

"अगं कोथिंबीर वडी आहे ती!" खिडकीतून आवाज आला. "कोथिंबीर वडी! नाकं काय घरी ठेवून आलात का गं सगळ्या?"

मी आईंचा असला आवाज कधी ऐकलाच नव्हता. खणखणीत, चिडलेला, जिवंत.

"बरो..." मी म्हणायला तोंड उघडलं, आणि देसाईवहिनींनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द तिथंच राहिला.

"चूक हाय," शेवंताकाकू म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. कसं चूक? डबा माझा, वड्या मी केलेल्या!

"काय म्हणालीस?" आतून आवाज आला.

"चूक हाय म्हटलं, वेणू. न्हाई वळखलंस."

"माझं चूक?"

"व्हय. तुझं."

"शेवंते," आता आई गजांशी आल्या होत्या. दिव्याच्या उजेडात त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. "कोथिंबीर तुझ्या विहिरीकडच्या वाफ्यातली आहे. ती जरा उग्र असते. पीठ बेबीच्या गिरणीतलं, तिनं आधी बाजरी दळली आणि जातं पुसलं नाही. आत तीळ आहेत, चिंचेचा कोळ आहे. पहिला घाणा करपला. आणि तू मला सांगतेस, चूक?"

बेबीताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पुसलं होतं गं मी जातं." पण मान खाली.

"आसंल तसं," शेवंताकाकू म्हणाल्या. "पर वडी न्हाई ती."

"डबा इकडं आण, शैला!"

मला शैला म्हणून त्यांनी हाक मारली ती पहिल्यांदा. मी धावलेच असते, पण देसाईवहिनी आडव्या आल्या.

"गजातून डबा जायचा नाही, वेणू. बघायचं असेल तर इकडं ये आणि बघ. नाहीतर म्हण हरले."

"मी?" आई म्हणाल्या. "मी हरले म्हणू?"

खिडकीतून चेहरा गेला. इतका वेळ कलकलाट करणाऱ्या बायका, पण आता बांगडी वाजू देत नव्हत्या. बेबीताईंनी माझा हात धरला होता, आणि त्यांचा हात ओला होता. तेव्हा कुठं माझ्या मठ्ठ डोक्यात काहीतरी हलायला लागलं, पण धड काय ते सांगता आलं नसतं.

आतलं दार वाजलं. स्वयंपाकघरातलं भांडं कशाला तरी लागून पडलं. मग मागच्या दारात आई आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी समोर बघितलं. वर्षभर ज्यांना तोंड दाखवलं नव्हतं त्या सगळ्या बायका एका ठिकाणी, हातात हात घालून उभ्या. आईंचा पदर त्यांच्याच मुठीत आवळलेला मला दिसला. मला वाटलं, आता वळणार. मनात म्हटलं, देवा, वळू देऊ नको.

बायकांतली एकही त्यांच्याकडं बघत नव्हती. सगळ्या डब्याकडं बघत होत्या. "मला तर बाई अळूची वडी वाटतेय," कुणीतरी म्हणालं.

"अळूची!" आई म्हणाल्या, आणि उंबरा ओलांडला. तरातरा आल्या, माझ्या हातातला डबा ओढला, झाकण फेकलं आणि एक वडी काढून शेवंताकाकूंच्या नाकाला जवळजवळ लावलीच.

"ही काय आहे मग? सांग! ही काय आहे?"

शेवंताकाकूंनी वडीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांची हनुवटी हलायला लागली होती.

"व्हय की गं," त्या म्हणाल्या. "वडीच हाय."

आणि मग सगळ्या एका दमात ओरडल्या, "हरलो!" असा आवाज की अण्णा आणि हे दुकानातनं धावत आले, कुणी पडलं की काय म्हणून. "हरलो गं बाई! हरलो!" कुणी हसतंय, कुणी डोळ्याला पदर लावतंय, फेर मोडला, पाटावरच्या हत्तीची सोंड कुणाच्या तरी पायानं गेली.

मी बेबीताईंना भिंतीशी ओढलं. "काय चाललंय काय हे? मला कुणी सांगेल का?"

"अगं, तुझ्या सासूपुढं डबा आणायची सोय नव्हती गावात," त्या नाक ओढत म्हणाल्या. "उभ्या उभ्या वळखायची. झाकण उघडायच्या आधी, गाण्याच्या आधी, पार गल्लीच्या तोंडाशीच. कुणाची म्हणून खिरापत राहू दिली नाही हिनं. शेवटी मंडळात नियम केला, की वेणूनं सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. तोपर्यंत पदर तोंडात कोंबून उभी असायची बिचारी, आणि कुणी चुकीचं बोललं की अशी तडफडायची! आम्ही म्हटलं, दुसरं कशानं नाही, पण ह्यानं येईल. चुकीचं ऐकून गप्प राहवणार नाही तिला."

"मग मला आधी सांगायचं ना! मी केवढी रडले!"

"तुला? तुला सांगितलं असतं तर चहाच्या आत तिला कळलं असतं."

मी मुकाट ताटल्या उचलल्या.

सगळ्या खाली बसल्या. मी वड्या वाढल्या. आई देसाईवहिनी आणि शेवंताकाकूंच्या मधे बसल्या होत्या, पायरीवर, अंग चोरून. कुणी त्यांना काही विचारलं नाही. कशी आहेस नाही, एवढे दिवस का नाही, काही नाही. बायका पिठाच्या भावाबद्दल बोलल्या, कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलल्या. अण्णा दाराशी उभेच होते. ह्यांनी त्यांना चला म्हणून हात लावला, तर त्यांनी तो झटकला.

आईंनी वडीचा तुकडा मोडला होता, पण तोंडात घातला नव्हता. हातातच होता. मी समोर ताट घेऊन उभी. मला वाटलं, मीठ कमी-जास्त आहे म्हणतील.

"कुणाला..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. म्हशीचं बोलणं थांबलं. "कुणाला उजूचं काही कळतं का गं?"

आणि मग सगळ्या एकदम सुरू झाल्या.

"बरी हाय की..." "अगं, श्रावणात मी गेले होते अंबाबाईला, तेव्हा घरीच..." "रंकाळ्याजवळ खोली घेतलीय दोघांनी..." "बालवाडीत जाते शिकवायला..." "केस कापलेत बघ खांद्यापर्यंत, पण दिसतात बरे..." "मला म्हणाली, आई जेवते का नीट?" "माझ्याकडं तर दर महिन्याला..."

मी ताट घेऊन तशीच उभी राहिले. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं! ती काय खाते, कुठं राहते, केस केवढे ठेवते, वर्षभर सगळं गाव जाणून होतं, आणि आमच्या एका घराला कशाचा पत्ता नव्हता. ज्या बायका हसतील म्हणून आई दार लावून बसल्या होत्या, त्या जाऊन उजूच्या हातचा चहा पिऊन आल्या होत्या. मला राग यावा का आनंद व्हावा, काही सुचेना. दाराशी अण्णा खाली बसले, तिथंच, जमिनीवर.

आई एकीकडून दुसरीकडं बघत होत्या. ही बोलली की हिच्याकडं, ती बोलली की तिच्याकडं. कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं. त्यांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला, पदरानं हात पुसला आणि दोन्ही तळवे वर केले.

"थांबा, थांबा," त्या म्हणाल्या. "अशा एकदम नका बोलू गं. एकेकीनं बोला. शेवंते, आधी तू. सगळं सांग."